खेळाचा तास आणि मधल्या सुट्टीचा डबा : नऊ आठवड्यांच्या नोंदी

७ जुलै, सोमवार

पहिली ते चौथी, चार वर्ग, वर्गात साधारण ३० मुलं, वय ६ ते १०. काम: शाळेत मुलांची हालचाल वाढवणं आणि डब्यात उरणारं अन्न कमी करणं. मुदत नऊ आठवडे.

समोर ठेवलेला आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतला: ५ ते १७ वयोगटाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस हाडा-स्नायूंना ताण देणारे प्रकार, म्हणजे उड्या, चढणं, लोंबकळणं. ही ६० मिनिटं सलग नकोत, दिवसभरात तुकड्या-तुकड्यांनी जमली तरी चालतात. शाळेच्या वाट्याला निम्मी, म्हणजे ३० मिनिटं घेतली. उरलेली घरची.

खाण्यासाठी त्याच संघटनेच्या २०२३ च्या सूचना: ६ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला किमान ३५० ग्रॅम फळं-भाज्या, १० वर्षांपासून पुढे ४००. बटाटा यात धरायचा नाही. नाहीतर कुठलाही डबा कागदावर उत्तीर्ण होतो.

वजन-उंची मोजायची नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. वाढत्या वयात नऊ आठवड्यांच्या वजनफरकातून काही कळत नाही. शिवाय काट्यासमोर रांग लावली की दुसऱ्या दिवशी वर्गात एखाद्याला नवं टोपणनाव पडलेलं असतं. मोजायच्या गोष्टी दोनच: मूल किती वेळ हलतं, आणि डब्यात काय उरतं.

९ जुलै, बुधवार

हालचालीची पहिली मोजणी. पद्धत: एका मुलाकडे १० सेकंद पाहायचं, पुढच्या १० सेकंदांत खूण करायची. खुणा पाचच: आडवं, बसलेलं, उभं, चालतंय, पळतंय किंवा त्या तोडीचं काही करतंय. दहाव्या सेकंदाला मूल जे करत असेल तीच खूण, मधलं सगळं सोडून द्यायचं. मिनिटाला ३ नोंदी. एका मुलाला ३ मिनिटं, मग दुसरं. चार मुलांच्या दोन फेऱ्या २४ मिनिटांत बसतात, नोंदी ७२. तीस मिनिटांच्या तासातली उरलेली ६ मिनिटं (सुरुवातीची ३, शेवटची ३) स्टॉपवॉचवर वेगळी घ्यायची: मैदानावर पाय टाकल्यापासून पहिलं मूल पळेपर्यंत किती वेळ जातो? हा आकडा बहुतेक शाळांत कुणी घेतलेलाच नसतो.

चूक कुठे होते: पाहणाऱ्याची नजर आपोआप सगळ्यात चपळ मुलाकडे जाते. म्हणून मुलं हजेरीपटावरून, दर सातव्या क्रमांकाची. चिठ्ठीत ४ निघाला तर ४, ११, १८, २५. दुसरी चूक म्हणजे मुलांना कळलं की वही आपल्यासाठी आहे, तर पहिल्या दिवशी सगळी हरणं होतात. पहिल्या दिवसाच्या नोंदी फाडून टाकायच्या.

पाहिलेला तास रिले शर्यतीचा होता. आरडाओरडा एवढा की लांबून वाटावं, काय जोरात व्यायाम चाललाय! हिशेब मात्र असा: ३० मुलं, दोन रांगा, रांगेत १५. एकाला धावायला २० सेकंद, म्हणजे फेरी ५ मिनिटांची. प्रत्येक मूल ३०० सेकंदांतले २० धावलं, सुमारे ७ टक्के. अर्ध्या तासात दोन मिनिटं. तीच शर्यत पाच-पाचच्या सहा रांगांत लावली तर फेरी १०० सेकंदांची होते आणि वाटा २० टक्क्यांवर जातो. खेळ तोच, मुलं तीच, शिक्षकही तेच, फक्त रांगा वाढल्या.

‘आऊट’ होणारे खेळ याहून वाईट. संगीत खुर्चीत पहिलं बाहेर बसतं ते बहुतेक वेळा सगळ्यात हळू पळणारं मूल. ज्याला पळण्याची गरज जास्त, तेच बाकीचा तास भिंतीला टेकून बसतं.

११ जुलै, शुक्रवार

डब्याची मोजणी. डबे उघडून तपासायचे नाहीत, हा नियम. वर्गशिक्षकांनी झाकण उचलून “हे काय आणलंयस?” म्हटलं की पुढचा आठवडाभर मूल बाकाखाली खातं, आणि नोंदी संपल्याच म्हणून समजा. खाऊन झाल्यावर मुलाने स्वतः डबा दाखवायचा. उरलेलं पाच पायऱ्यांत टिपायचं: काही नाही, पाव, अर्धा, पाऊण, तसाच. दोघांनी एकमेकांचं न बघता लिहायचं. एका पायरीपेक्षा जास्त फरक पडला तर त्या डब्याची नोंद रद्द.

टाकलेलं अन्न वेगळं तोललं. आधी रिकाम्या बादलीचं वजन, मग भरलेल्या. सालं, बिया आणि देठ दुसऱ्या बादलीत, हे विसरलं तर आकडा फसतो. केळ्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा साल असतं. ज्या दिवशी पुष्कळ मुलं केळी आणतात त्या दिवशी ‘वाया गेलेलं अन्न’ उगाच फुगलेलं दिसतं.

डबा उरण्याचं खरं कारण मात्र बादलीत नव्हतं, नळावर होतं. वर्गाच्या वाट्याला २ नळ. साबण लावून नीट हात धुवायला ३० सेकंद धरले तर ३० मुलांना साडेसात मिनिटं. सुट्टी ३५ मिनिटांची, आधी डबा, मग खेळ. रांगेत शेवटचं मूल आठव्या मिनिटाला डब्याशी बसतं, आणि बाराव्या मिनिटाला पहिली टोळी मैदानाकडे सुटते. ते मूल चार घासांत झाकण लावतं. घरी डबा अर्धा परत गेला की आईला वाटतं, भाजी आवडली नाही. आवडीचा इथे संबंधच नव्हता.

१५ जुलै, मंगळवार

मैदानाची नवी आखणी. १० × १० मीटरचे चार चौकोन, प्रत्येकात ७-८ मुलं. चौकोन एकमेकांना चिकटवले तर ९ शंकूंत काम होतं आणि मांडणी दिसतेही सुबक, पण सामाईक रेषेवर दोन खेळांतली मुलं एकमेकांवर आदळतात. म्हणून मधे २ मीटरची गल्ली सोडली: १६ शंकू, एकूण जागा २२ × २२ मीटर. भिंत, खांब, पायरी यांपासून बाहेरची रेषा किमान ३ मीटर लांब. भिंतीला हात लावून परतायचा खेळ कुणी सुचवला तर साफ नाही म्हणायचं. पळत आलेलं मूल हात लावत नाही, मनगट आपटतं.

चौकोनांतले खेळ: दोन ठिकाणी पकडापकडी, एकात दोरीउड्या, एकात चेंडू देणं-घेणं. दर ६ मिनिटांनी गट पुढच्या चौकोनात. चार पाळ्या २४ मिनिटं, बदलायला आणि पाणी प्यायला ६.

पकडापकडीत दर ८ मुलांमागे २ पकडणारे. एकच असला तर पाच मुलं उभी राहून लांबून गंमत बघतात. दर ६० सेकंदांनी पकडणारे बदलायचे, पकडलेल्याने बाहेर जायचं नाही. जागेवर ५ उड्या मारून परत खेळात.

सूचना ३० सेकंदांत संपवायची. त्याहून लांबली की मागची दोन मुलं मातीत रेघोट्या काढायला बसतात. सांगण्यापेक्षा दोन मुलांकडून करवून दाखवणं केव्हाही बरं. शंका असलेल्या मुलालाही खेळ सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात कळतं.

हालचाल पुरेशी जोरात आहे का, ते ओळखायला यंत्र नको. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम. दोन-चार शब्दांपलीकडे बोलताच येत नाही, ती जोरकस.

१८ जुलै, शुक्रवार

५ उड्यांचा नियम आपटला. चपळ मुलं उड्यांच्या नावाखाली नुसते खांदे हलवून पळतात. हळू मूल पुन्हा-पुन्हा पकडलं जातं, आणि पूर्ण ६ मिनिटं एकटंच उड्या मारत राहतं, सगळ्यांच्या देखत. हालचालीच्या तक्त्यावर त्याचे गुण उत्तम, पण दुसऱ्या दिवशी त्याचं पोट दुखतं.

त्याऐवजी शेपट्यांचा खेळ. प्रत्येकाच्या कमरेला मागे दोन कापडी पट्ट्या खोचलेल्या. दुसऱ्याची ओढायची, आपली वाचवायची. ओढलेली पट्टी लगेच कोपऱ्यातल्या टोपलीत. ज्याची गेली त्याने टोपलीतून नवी घेऊन खोचायची आणि पुढे चालू. शेवटी मोजणी नाही. कुणाची किती वेळा गेली हे कुणाच्या लक्षातही राहत नाही, या खेळाचा खरा उपयोग तिथेच आहे.

पट्टीची लांबी: ४० सेंटीमीटर, त्यातली १० आत खोचलेली. आधी ६० ची कापली होती. मूल वाकलं की टोक जमिनीला लागतं आणि मागच्याचा पाय त्यावर पडतो. रुंदी ४-५ सेंटीमीटर, नाहीतर हाताला लागत नाही. गाठ अजिबात मारायची नाही. पट्टी ओढली की सुटली पाहिजे, मूल ओढलं जाता कामा नये. चलाख मुलं पट्टी घट्ट गुंडाळून खोचतात. खेळाआधी शिक्षकाने प्रत्येकाची एकदा ओढून बघायची, अर्ध्या मिनिटाचं काम. ८ मुलांच्या चौकोनाला ३० पट्ट्या: १६ अंगावर, १४ टोपलीत. टोपली रिकामी झाली की खेळ थांबतो, त्यामुळे १४ हून कमी नकोत.

२२ जुलै, मंगळवार

सुट्टीचा क्रम उलटा केला: आधी १५ मिनिटं खेळ, मग हात, मग डबा. खेळायचं आधीच झालेलं असल्यामुळे डबा उरकून पळायची घाई उरत नाही, आणि मूल भूक घेऊन बसतं. सुट्टी आहे तेवढीच, ३५ मिनिटं.

नळ वाढवता येत नाहीत म्हणून वर्गामागे तोटीची २ पिंपं बाकावर ठेवली, खाली बादल्या. माणशी अर्धा लिटर धरलं तर १५ मुलांना साडेसात लिटर, तेव्हा १० लिटरचं पिंप पुरतं. २० लिटरचं आणू नये. भरून बाकावर चढवताना मदतनिसांची कंबर जाते, आणि उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरायचा मोह होतो. पिंप रोज संध्याकाळी रिकामं करून पालथं घालायचं. बाकाची उंची ६० सेंटीमीटरच्या आसपास, पहिलीच्या मुलाचा कोपर भिजू नये इतकी. चार तोट्यांवर ३० मुलं पावणेचार मिनिटांत होतात. खाण्याला सरळ १६ मिनिटं मिळतात.

लगेच दिसलेली अडचण पहिलीच्या वर्गात. सकाळी नीट न खाता आलेली मुलं खेळाच्या दहाव्या मिनिटाला चिडतात, ढकलाढकली करतात, एखादं रडायलाच लागतं. खोडकर नाहीत, भुकेली आहेत. त्यांना दुसऱ्या तासानंतर ५ मिनिटांची फळाची सुट्टी ठेवली: एक फळ, बाकावरच, पाणी.

पिण्याच्या पाण्याबद्दल एक गोष्ट. बाटली भरलेली घरी परत जाते याचं कारण पुष्कळदा बाटलीत नसतं, शौचालयाच्या दारात असतं. कडी लागत नसेल, वास येत असेल, तर मुलं, आणि मुली तर जास्तच, दिवसभर पाणी टाळतात. ‘पाणी प्या’ अशी पाटी लावण्याआधी कडी बसवून घ्यायची. एका दाराची बसली, दुसऱ्याची बाकी.

२५ जुलै, शुक्रवार

पाऊस. मैदान बंद, म्हणून वर्गातला आराखडा. दिवसात ३ वेळा ५-५ मिनिटं, विषय बदलताना. बाकं हलवायची नाहीत. हलवण्यात आणि परत लावण्यात दहा मिनिटं जातात, आणि मग कोणतेही शिक्षक दुसऱ्यांदा ते करत नाहीत. बाकाशेजारच्या एका पावलाच्या जागेत बसेल तेवढंच: जागेवर धावणं ४० सेकंद, भिंतीला हात टेकून ढकलणं १० वेळा, खाली बसून उठणं १० वेळा, एका पायावर डोळे मिटून उभं राहणं. मग पुन्हा पहिल्यापासून.

पाढ्यांची जोड चांगली बसते. सातचा पाढा, प्रत्येक उत्तराला एक उठाबशी. इथे ‘उठाबशी’ हा शब्दच अडतो, शिक्षेचा वास येतो त्याला. ‘बेडकाची बैठक’ म्हटलं तर तीच मुलं हसत करतात. आणि चुकलेल्या उत्तराला जास्तीची बैठक देऊ नये. हालचाल एकदा शिक्षा झाली की परत खेळ होत नाही.

वरच्या मजल्यावर उड्या नाहीत, खालचा वर्ग तक्रार करतो. त्याऐवजी टाचा उचलणं. पायांत बूट किंवा अनवाणी, नुसते मोजे नकोत: फरशीवर घसरतात.

२८ जुलै, सोमवार

पाऊसच. नवीन काही नाही.

३१ जुलै, गुरुवार

चव-टेबल सुरू. आठवड्यातून दोनदा, खेळानंतर, डब्याच्या आधी.

नवी भाजी मुलाने स्वीकारायला एकदा-दोनदा चाखणं पुरत नाही. ८-१० वेळा, काहींना १५ वेळा समोर यावी लागते. घरी बहुतेक ठिकाणी तिसऱ्या नकारानंतर ‘हा खात नाही’ असा शिक्का बसतो आणि ती भाजी ताटातून जाते. शाळेचा फायदा इथे आहे: तीच गोष्ट न कंटाळता पुन्हा-पुन्हा मांडता येते. एका वेळी तीन वाट्या: एक ओळखीची, एक अर्धवट ओळखीची, एक नवी. नवी वाटी पाच आठवडे बदलायची नाही. शिक्षकांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही.

मापं: एक तुकडा ८ ग्रॅम, माणशी दोन, ३० मुलांना ४८० ग्रॅम. साल-देठ धरून ६०० ग्रॅम आणायचं. तुकडा मुद्दाम लहान, कारण मोठा तुकडा म्हणजे बांधिलकी. गाजराच्या पातळ कांड्या, बोटाएवढ्या लांब. जाड गोल चकती मुलांच्या घशात अडकण्याचा धोका असतो. द्राक्षं आणि छोटे टोमॅटो उभे चिरून चार भाग. हा नियम मुख्यतः पाच वर्षांखालच्यांसाठी सांगतात, पण पहिलीसाठी आम्ही ठेवला. तोंडात घास असताना पळणं, हसवणं बंद. खाताना बसूनच.

सफरचंद काळं पडतं आणि काळं पडलेलं कुणी उचलत नाही. १ लिटर पाण्यात २ मोठे चमचे लिंबाचा रस, फोडी त्यात ३-४ मिनिटं, मग निथळून झाकण. रस जास्त झाला की सफरचंद आंबट लागतं आणि दोष फळाला जातो. चिरणं वाढण्याआधी जास्तीत जास्त दोन तास. त्याआधी चिरायचं असेल तर ५ अंशांखाली ठेवण्याची सोय हवी.

ॲलर्जीची यादी पालकांकडून लेखी घेतली, चिरणाऱ्यासमोर भिंतीवर लावली. शेंगदाणे, बदाम-काजू-अक्रोडासारखी कठीण कवचाची फळं आणि तीळ या टेबलावर येणारच नाहीत. यादीत नाव नसलं तरी.

मुलांसाठी नियम: बघणं, हात लावणं, वास घेणं, जिभेला लावणं, चावणं. यातलं कितीही चालेल. चावून नको वाटलं तर कागदात थुंकायचं, कुणी काही म्हणणार नाही. थुंकायची मुभा दिल्यामुळेच मुलं तोंडात घालतात, हे शिक्षकांना पटायला वेळ लागतो. मोठ्यांनी “आवडलं का?” विचारायचं नाही. ‘नाही’ असं एकदा तोंडातून गेलं की मूल त्या शब्दाला धरून बसतं. “चावताना आवाज कसा आला?” हे विचारायचं. काकडीसाठी दुसरीतून ‘खर्रम’, ‘कचकच’ आणि ‘पाण्यातल्या बिस्किटासारखा नाही’ अशी उत्तरं आली. तिसरं उत्तर देणाऱ्याने त्या दिवशी काकडी जिभेलाही लावली नव्हती. वास घेऊन वाटी सरकवली होती. चालतं.

बक्षीस: चाखल्याबद्दल वहीत शिक्का चालतो. संपवल्याबद्दल काही नाही. भाजी संपवल्यावर गोड, हा सौदा तर मुळीच नाही. त्यातून मुलाला एवढंच कळतं की भाजी हे काम आणि गोड ही मजुरी.

६ ऑगस्ट, बुधवार

दोन गोष्टी काढून टाकल्या.

भिंतीवरचा तक्ता, मुलांची नावं आणि चाखलेल्या भाज्यांचे तारे. तीन दिवसांत स्पर्धा झाली. न चाखता तारा मागणं, शेजारच्याचा तुकडा आपल्या नावावर, आणि शून्य ताऱ्यांच्या मुलाकडे बोट. शिक्का आता ज्याच्या-त्याच्या वहीत.

दुसरी, टेबलावरची मोकळी बसण्याची पद्धत. एका पोराने “ई!” केलं की आठ मुलांचं टेबल हात मागे घेतं. ई करणारं पोर बहुधा वर्गाचं लाडकं असतं. त्याला दटावून उपयोग नाही, वाढपी करायचं. वाढताना हाताला भाजी लागते, मालकी येते, आणि आपणच वाढलेल्याला नावं ठेवणं अवघड जातं. सगळ्यांसाठी नियम एकच वाक्याचा: दुसऱ्याच्या घासाला नावं ठेवायची नाहीत.

बीटबद्दल: ठेवण्याच्या आदल्या दिवशी पालकांना चिठ्ठी गेलीच पाहिजे. काही मुलांना नंतर लघवी गुलाबी होते. काही बिघडलेलं नसतं, पण घर घाबरतं. चिठ्ठी उशिरा गेली, फोन आधी आले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

साखरेचा तास, तिसरी-चौथी, गणिताच्या वेळात. ४ ग्रॅम म्हणजे एक लहान चमचा धरला. पाकिटावर १०० मिलिलिटरमागे ११ ग्रॅम साखर, पाकीट २०० चं: २२ ग्रॅम, साडेपाच चमचे. मुलं इथे हमखास फसतात, १०० मिलिलिटरचा आकडाच पूर्ण पाकिटाचा समजतात. मोठेही फसतात. त्यामुळे गुणाकाराचा हा धडा फुकट जात नाही.

मर्यादा कुठून येते, तेही फळ्यावर केलं. वरून घातलेली साखर, मध, सरबतं आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवायची, ५ टक्क्यांखाली गेली तर आणखी चांगलं. दिवसाला १६०० किलोकॅलरी लागणाऱ्या मुलासाठी १० टक्के म्हणजे १६० किलोकॅलरी, ४० ग्रॅम, १० चमचे. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर यात धरत नाहीत. “रस फळाचाच ना, बाई?” हा प्रश्न दोन्ही वर्गांत आला. उत्तर: अख्खं फळ चावून खायला वेळ लागतो आणि चोथ्याने पोट भरतं. रस दोन मिनिटांत संपतो, मागे भूक तशीच.

पारदर्शक पेल्यात चमचे मोजून दाखवायला खरी साखर घेऊ नये, तास संपायच्या आत पेला चाटून पुसून स्वच्छ. धुतलेली बारीक वाळू घ्यायची.

‘चांगलं खाणं’ आणि ‘वाईट खाणं’ हे शब्द वर्गातून काढले. ‘रोजचं’ आणि ‘कधीतरीचं’. सहा वर्षांचं मूल डबा स्वतः भरत नाही. त्याच्या डब्याला वाईट म्हणणं म्हणजे त्याच्या घराला वाईट म्हणणं, आणि ते त्याला बरोबर कळतं.

पालकांसाठी चिठ्ठी चार ओळींची: डब्याचा निम्मा भाग फळं-भाज्या. फळ चिरून द्या, अख्खं परत येतं. प्यायला पाणी. उरलेलं परत आलं तर रागावू नका, काय उरलं ते बघा.

२० ऑगस्ट, बुधवार

हालचालीच्या नोंदी मधे एकदा चाळल्या. बहुतेकांची ‘उभं’ ही खूण कमी झाली आहे. काही क्रमांकांची झालेली नाही, आणि सरासरीत ते दिसत नाहीत. एकेकाचं पान उलटल्यावर दिसले. कारणं वेगवेगळी.

चेंडूची भीती: कडक चेंडू एकदा नाकावर बसला की मूल चेंडूकडे पाठ करून उभं राहतं. मऊ फोमचा, त्याच्या डोक्याएवढा मोठा चेंडू दिला. हळू येतो, दोन्ही हातांत मावतो. चश्मा: मागे इलॅस्टिकची पट्टी.

दमा: व्यायाम सुरू असताना नव्हे, थांबल्यावर काही मिनिटांनी धाप वाढते असं पुष्कळदा होतं. म्हणून खेळ संपल्या-संपल्या वर्गात पिटाळायचं नाही, ५ मिनिटं चालत नजरेसमोर. सुरुवातही चालण्यापासून, १० मिनिटांत हळूहळू वेग. इनहेलर मैदानावरच्या पिशवीत, नाव लावून. कार्यालयाच्या कुलूपबंद खणात ठेवलेला इनहेलर असून नसल्यासारखा.

दोरी: मुलाचा दोष नाही, दोरीचा आहे. मधोमध पाय देऊन उभं राहिल्यावर टोकं काखेपर्यंत यायला हवीत. लांब दोरी पायात येते, आखूड डोक्यात. हलकी सुती दोरी हवेत तरंगते, फिरतच नाही. मधल्या भागात प्लॅस्टिकचे मणी ओवले की वजन येतं आणि जमिनीवर टकटक वाजते. त्या आवाजावर उडी बसते. शिकणाऱ्याने आधी दोरी जमिनीवर आडवी ठेवून नुसतं ओलांडायचं, मग फिरवून पुढे पडली की ओलांडायची, मग सलग. दोरीउड्या हाडांसाठीच्या ३ दिवसांत धरल्या जातात, हा वरचा फायदा.

चाकाच्या खुर्चीतलं मूल: पकडापकडीत जोडी, आणि त्या चौकोनात सगळ्यांनी फक्त चालायचं. भरभर चालण्याची पकडापकडीही चांगलीच दमवते, हे चौथीला त्याच दिवशी कळलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

हे सगळं आमच्या नंतर कोण चालवणार, याची तयारी. एक खोका: १६ शंकू, १२० पट्ट्या, १० दोऱ्या, ४ फोमचे चेंडू, शिट्टी, स्टॉपवॉच, प्रथमोपचाराची पिशवी. झाकणाच्या आतल्या बाजूला चौकोनांचा नकाशा चिकटवलेला. मांडणी चौथीच्या सहा मुलांनी ४ मिनिटांत करायची. शिक्षकांवर सोडली तर ज्या दिवशी शिक्षक रजेवर, त्या दिवशी खोका बंद.

ज्या दिवशी खोकाही नको, त्यासाठी १५ मिनिटांची फेरी. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग इथल्या एका प्राथमिक शाळेत २०१२ मध्ये सुरू झालेला हा प्रकार: कपडे न बदलता, शर्यत न लावता, ज्याच्या-त्याच्या चालीने १५ मिनिटं पळायचं-चालायचं. आमचा मार्ग १०० मीटरचा. फेऱ्या मोजायला प्रत्येक फेरीला एक रबर बँड देऊन पाहिलं. दोन दिवसांत रबर बँडची देवघेव आणि नेमबाजी सुरू. मोजणी बंद केली, फेरी चालू.

मुख्याध्यापकांकडून एक लेखी सूचना घेतली: गृहपाठ राहिला, दंगा केला, म्हणून मधली सुट्टी किंवा खेळाचा तास कापायचा नाही. सुट्टी कापली जाते ती बहुधा ज्यांना बसवत नाही अशाच मुलांची, आणि पुढच्या तासाला ती आणखी चुळबुळतात.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शेवटची मोजणी. हालचाल बुधवारी घेतली, डबे आज, पहिल्या वेळचेच वार आणि तीच वेळ. हजेरीपटावरचे क्रमांकही तेच. वार बदलला की डबा बदलतो. सोमवारचा आणि शुक्रवारचा डबा एकमेकांशी तुलना करण्याजोगे नसतात.

खेळाच्या तासात रांगेत उभं राहणं जवळपास संपलं. पहिलं मूल पळेपर्यंतचा वेळ चौथीत चांगला कमी झाला, पहिलीत फारसा नाही. तिथे बुटांच्या नाड्यांत वेळ जातो. पहिलीपुरते चिकटपट्टीचे बूट पालकांना सुचवायचे. डब्यात उरणं तीन वर्गांत कमी, दुसरीत तसंच. दुसरीचा वर्ग नळापासून सगळ्यात लांब आहे आणि त्यांची पिंपं गेल्या आठवड्यात दोन दिवस भरलीच गेली नव्हती, तेव्हा हा आकडा त्यांच्या भुकेचा समजू नये.

नव्या वाटीतली भाजी (दुधी भोपळा, वाफवलेला, मीठ नाही) अजून बरीच मुलं नुसती हुंगून ठेवतात. आज दहावी वेळ होती. अकरावी मंगळवारी.

बाकी कामं: शौचालयाच्या दुसऱ्या दाराची कडी. पट्ट्या धुवायला कोण नेणार ते ठरवणं. दुसरीची पिंपं भरायची जबाबदारी मदतनिसांच्या रोजच्या यादीत लिहून घेणं.